न दिसणारा उजेड

आमच्या रात्रीच्या वर्गात एका बाईंनी मला एक प्रश्न विचारला. त्याचे उत्तर द्यायला मला दोन महिने लागले. ते उत्तर मी इथे लिहीत आहे.

झाले असे. आम्ही सूर्याचा धडा वाचत होतो. बाई ओळीवर बोट ठेवून एकेक शब्द लावीत होत्या. ओळ अशी होती : 'सूर्याचा पृष्ठभाग सुमारे साडेपाच हजार अंश तापलेला असून सूर्यात मुख्यतः हायड्रोजन व हेलियम हे वायू आहेत.' ओळ पुरी झाली. बाईंनी बोट उचलले नाही. वर बघून म्हणाल्या, "गुरुजी, तिथं कोण गेलं होतं बघायला?"

वर्ग हसला. मला हसू आले नाही. कारण हाच प्रश्न पूर्वी, मी हेडमास्तर असताना, सातवीतल्या एका मुलाने मला विचारला होता. मी त्याला म्हणालो होतो, "पुस्तकात लिहिलंय ना? मग खाली बस." मुलगा खाली बसला. पुन्हा त्याने माझ्या तासाला हात वर केला नाही. खरी गोष्ट अशी की मला उत्तर येत नव्हते. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. तारे म्हणजे दूरचे सूर्य, हे मी तीस वर्षे शिकवले. ते कसे कळले, हे मला कोणी सांगितले नव्हते आणि मीही कोणाला विचारले नव्हते.

या वेळी मी बाईंना म्हणालो, "मला ठाऊक नाही. शोधून सांगतो."

आधी थोडक्यात उत्तर सांगतो. तिथे कोणी गेले नाही. माणूस चंद्रावर उतरला, तो १९६९ साली. यंत्रे ग्रहांपर्यंत गेली. पण ताऱ्यांपर्यंत जाण्याची सोय नाही. उजेड एका सेकंदात तीन लाख किलोमीटर धावतो. चंद्रावरून निघालेला उजेड आपल्याकडे सव्वा सेकंदात येतो, सूर्यावरून निघालेला आठ मिनिटांत. सूर्य सोडला तर सगळ्यांत जवळचा जो तारा आहे, त्याचा उजेड यायला सव्वाचार वर्षे लागतात. हा जवळचा! मग तिथे जाऊन हात कोण लावणार?

आपण जात नाही, पण तिकडून काहीतरी आपल्याकडे येते. ते म्हणजे हा उजेड. सासरी गेलेल्या मुलीचे पत्र येते. आई ते पत्र कसे वाचते? मजकूर तर वाचतेच. पण अक्षर घाईचे आहे का, शाई कुठे फुटली आहे का, शिक्का कुठल्या गावचा आहे, हेही बघते. मुलीच्या घरी न जाता तिला पुष्कळ कळते. खगोलशास्त्रज्ञ उजेडाचे तसेच वाचन करतात. त्यांना पत्रावाचून दुसरे काही मिळतच नाही, म्हणून ते फार बारकाईने वाचायला शिकले आहेत.

आता हे वाचन कसे करतात ते पाहू.

पावसाळ्यात इंद्रधनुष्य पडते. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. शाळेत आपण 'तानापिहिनिपाजा' म्हणून पाठ करतो. सूर्याचा पांढरा उजेड पावसाच्या थेंबांतून जाताना फाटतो आणि आतले रंग वेगळे होतात. हेच काम तीन बाजूंच्या काचेच्या तुकड्याने होते. त्याला लोलक म्हणतात. घरी जुनी गाण्यांची सीडी पडली असेल, तर ती उजेडात तिरकी धरून पाहा. तिच्यावरही हेच रंग दिसतील.

१८१४ च्या सुमारास जर्मनीत फ्राउनहोफर नावाचा एक कारागीर होता. तो उत्तम काचा घडवीत असे. त्याने सूर्याचे रंग फार बारकाईने पाहिले. रंगांच्या पट्ट्यात मधे मधे काळ्या बारीक रेघा होत्या. त्याने पाचशेहून जास्त रेघा मोजल्या. त्या कसल्या, हे मात्र त्याला कळले नाही.

त्याचे उत्तर तुमच्या चुलीत आहे. भात उतू जातो, मिठाचे पाणी जाळावर पडते, आणि जाळ एकदम पिवळाधमक होतो. पाहिले आहे ना? तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. द्राक्षबागेवर फवारायच्या मोरचुदात तांबे असते, तांब्याने जाळ हिरवा होतो. (मोरचूद विषारी आहे. चुलीत टाकून पाहू नका. माझ्या शब्दावर विश्वास ठेवा.) दिवाळीच्या फुलबाज्यांतले रंग असेच होतात. प्रत्येक पदार्थ तापला की आपापल्या ठरावीक रंगाच्या रेघा देतो, आणि वाफेच्या रूपात पुढे आडवा आला की त्याच रंगाच्या रेघा उजेडातून खाऊन टाकतो. म्हणजे रेघा हा त्या पदार्थाचा अंगठा आहे. दोन माणसांचा अंगठा एक नसतो, तशा दोन पदार्थांच्या रेघा एक नसतात. किर्खोफ आणि बुन्सेन या दोघा जर्मन शास्त्रज्ञांनी १८५९-६० साली हे पक्के केले. फ्राउनहोफरच्या काळ्या रेघा म्हणजे सूर्याच्या वरच्या थरातल्या वायूंनी उमटवलेले अंगठे होते!

यातली एक गंमत मला फार आवडली. फ्रान्समध्ये कॉम्त नावाचे मोठे विचारवंत होऊन गेले. १८३५ साली त्यांनी लिहून ठेवले की ताऱ्यांत कोणते पदार्थ आहेत हे माणसाला कधीच कळणार नाही. ते १८५७ साली वारले. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांत उत्तर सापडायला सुरुवात झाली. 'कधीच नाही' असे विद्वानांनीही जपून म्हणावे.

आणि हेलियमची गोष्ट तर आपल्या देशाशी जोडलेली आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले. ते भारतातून दिसणार होते. फ्रान्सहून जान्सेन नावाचे शास्त्रज्ञ मुद्दाम आंध्रातल्या गुंटूर येथे आले. ग्रहण लागले की आपल्याकडे लोक पाणी झाकून ठेवतात. हे गृहस्थ यंत्र उघडून बसले होते. चंद्राने सूर्य झाकला की कडेला जे तेजस्वी वायू दिसतात, त्यांचे रंग त्यांनी आणि इतरांनी तपासले. त्या वर्षी एक पिवळी रेघ सापडली. ती सोडियमची असावी असे आधी वाटले. पण इंग्लंडमध्ये लॉकियर यांनी नीट मापून दाखवले की जागा थोडी सरकलेली आहे. पृथ्वीवरच्या कोणत्याच पदार्थाशी ती जुळेना. ग्रीक भाषेत सूर्याला 'हेलियोस' म्हणतात, त्यावरून त्या पदार्थाला 'हेलियम' नाव दिले. पृथ्वीवर तो सापडला १८९५ साली. म्हणजे जो वायू आज जत्रेतल्या फुग्यांत भरतात, तो माणसाला आधी सूर्यात सापडला आणि सत्तावीस वर्षांनी घरात!

आता राहिला ताप. सूर्य किती तापला आहे हे कसे कळते? लोहाराला विचारा. लोखंड भट्टीत घातले की आधी लाल होते, मग नारिंगी, पिवळे, आणि फारच तापले की पांढरे. लोहार हात लावत नाही, रंग बघून घण उचलतो. तारेही तसेच. रोहिणीचा तारा तांबूस दिसतो, तो सुमारे साडेतीन हजार अंश. आपला सूर्य साडेपाच हजार. व्याध निळसर पांढरा, तो नऊ हजारांच्या वर. आपल्याला लाल म्हटले की जास्त ऊन वाटते. आकाशात उलटे आहे.

इथपर्यंत मी बाईंना सांगितले असते तरी त्यांच्या प्रश्नाचे उत्तर झाले असते. पण वाचता वाचता मला कळले की खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते.

१८०० साली इंग्लंडमध्ये विल्यम हर्शेल नावाचे खगोलशास्त्रज्ञ होते. मूळचे ते वाजंत्री, संगीतावर पोट भरणारे. नंतर आकाशाचा नाद लागला. त्यांनी सूर्याचे रंग टेबलावर पाडले आणि कोणता रंग किती ऊन आहे ते पाहायला प्रत्येक रंगात तापमापक ठेवला. जांभळ्यापेक्षा तांबड्यात पारा जास्त चढला. मग त्यांनी तापमापक तांबड्याच्याही पलीकडे, जिथे काहीच रंग नव्हता, नुसते लाकूड दिसत होते, तिथे ठेवला. पारा आणखी चढला!

म्हणजे तिथे उजेड होता. फक्त डोळ्याला दिसत नव्हता. चुलीवरून तवा उतरवला की तो काळाच दिसतो. पण वर तळहात धरला की धग लागते. तव्यातून निघणारा तोच हा उजेड. त्याला अवरक्त म्हणतात. पुढच्याच वर्षी जांभळ्याच्या पलीकडेही असाच उजेड सापडला. उन्हात कातडी करपते ती मुख्यतः त्याच्यामुळे. मग पलीकडच्याही पलीकडचे सापडत गेले. एका बाजूला रेडिओच्या लहरी. दुसऱ्या बाजूला डॉक्टर हाड बघायला वापरतात ते एक्स-किरण आणि त्यांच्याही पुढचे गॅमा किरण.

ही सगळी एकच जात आहे. विहिरीत खडा टाकला की लाटा उठतात. एका लाटेच्या माथ्यापासून दुसरीच्या माथ्यापर्यंत जे अंतर, ती लाटेची लांबी. उजेडही लाटच आहे. फरक फक्त लांबीचा. हिरव्या उजेडाची लांबी इतकी लहान, की एका मिलिमीटरचे हजार भाग करा आणि त्यातल्या एकाचे निम्मे करा. एफ.एम. रेडिओची लाट तीन मीटरची, म्हणजे दोन पुरुष उंचीची. एक्स-किरणांची हिरव्या उजेडाच्या हजारपट लहान. या सगळ्या लाटांना मिळून विद्युत-चुंबकीय लहरी म्हणतात. नाव अवघड आहे. एकदा वाचा आणि पुढे चला, नावासाठी अडून बसू नका.

भजनाला पेटी असते. तिच्यावर सा पासून वरच्या सा पर्यंत एक सप्तक. वरच्या सा ची लाट खालच्याच्या निम्मी असते. आपल्या डोळ्याला जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत दिसते, ते एक सप्तकही पुरते भरत नाही. आणि आकाशातून येणारा सगळा उजेड पेटीवर मांडला तर पन्नासाहून जास्त सप्तके होतील. इतका लांब पेटीचा पट्टा, आणि आपण त्यातले एक सप्तक ऐकून म्हणत होतो की गाणे कळले!

ताऱ्यांकडून रेडिओच्या लाटाही येतात हे कसे कळले, त्याची गोष्ट साधी आहे. १९३१ सालच्या सुमारास अमेरिकेतल्या एका टेलिफोन कंपनीत कार्ल जान्स्की नावाचा तरुण इंजिनियर होता. समुद्रापलीकडे रेडिओने टेलिफोन चालत असे आणि त्यात खरखर होई. ती कुठून येते ते शोध, असे त्याला काम दिले. त्याने लाकडी सांगाडा उभारला, त्याला तारा बांधल्या आणि खाली जुन्या मोटारीची चाके लावली, म्हणजे सगळा गाडा फिरवता यावा. खरखर तीन प्रकारची निघाली. एक जवळच्या विजांची, एक दूरच्या विजांची. तिसरी मात्र नुसती संथ 'सूंऽऽ' अशी. ती रोज मोठी होई आणि रोज चार मिनिटे आधी येई.

शेतकरी वाचकांनी इथे कान टवकारले असतील. रोज चार मिनिटे आधी कोण उगवते? नक्षत्रे! आज एखादे नक्षत्र ज्या वेळी उगवले, उद्या ते चार मिनिटे आधी उगवते. महिन्याने दोन तास आधी. सूर्य तसे करीत नाही. म्हणजे ही खरखर सूर्याची नाही, पृथ्वीवरची तर नाहीच, ती ताऱ्यांच्या मुलखातून येते. जान्स्कीने दिशा काढली. ती धनु राशीकडे निघाली, आपल्या आकाशगंगेच्या मध्याकडे. १९३३ साली त्याने हे जाहीर केले. कंपनीने त्याला पुढे दुसरे काम दिले.

मग शास्त्रज्ञांनी सगळीकडे झरोके लावले का? तसे करता येईना. आपल्या डोक्यावर हवेचे छप्पर आहे आणि त्याला मुख्य झरोके दोनच आहेत. एका झरोक्यातून दिसणारा उजेड येतो, दुसऱ्यातून रेडिओ लहरी. अवरक्त उजेड बराचसा हवेतली वाफ गिळते. एक्स-किरण तर वरच्या वरच अडतात. ते अडतात हे बरेच आहे, नाही तर आपण जगलो नसतो. पण बघायचे तर छपरावर चढले पाहिजे. १९६२ साली अमेरिकेतून एक अग्निबाण सोडला. तो हवेच्या वर पाच-सहा मिनिटेच राहिला. तेवढ्यात वृश्चिक राशीकडून येणारे जोरदार एक्स-किरण सापडले. ते काम करणारे जाकोनी यांना २००२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशानेही २०१५ साली श्रीहरिकोट्याहून 'ॲस्ट्रोसॅट' नावाची दुर्बीण वर पाठवली. तिच्यात एक्स-किरण बघण्याची यंत्रे आहेत, ती करण्यात मुंबई-पुण्याच्या शास्त्रज्ञांचा हात आहे.

अवरक्त उजेडासाठी २०२१ सालच्या नाताळात 'वेब' नावाची दुर्बीण सोडली. ती पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर आहे. तिच्यावर टेनिसच्या मैदानाएवढी पाच पदरी सावली धरलेली आहे. सावली कशाला? चुलीपाशी बसलेल्या माणसाला दूरच्या शेकोटीची ऊब कळेल का? तसेच हे. दुर्बीण स्वतःच उबदार असेल तर तिला स्वतःचीच धग दिसत राहील.

एवढ्या तऱ्हांनी बघून मिळते काय? एक उदाहरण देतो, म्हणजे पटेल. सन १०५४ च्या जुलैत चीनमधल्या लोकांना वृषभ राशीत, बैलाच्या शिंगाच्या टोकाशी, एक नवा तारा दिसला. तो तेवीस दिवस भर दुपारीसुद्धा दिसत होता. रात्रीचा जवळजवळ दोन वर्षे दिसला आणि मग मावळला. त्यांनी त्याची नोंद करून ठेवली. आज तिथे दुर्बिणीतून पाहिले तर एक धुरकट ढग दिसतो. त्याला खेकडा तेजोमेघ म्हणतात. साध्या उजेडात त्यात फाटलेल्या वायूचे धागे दिसतात. म्हणजे तिथे तारा फुटला होता, हे कळले. अवरक्त उजेडात धूळ दिसते. १९६८ साली रेडिओने ऐकले तर मध्यातून ठोके ऐकू आले, सेकंदाला तीस, घड्याळासारखे नेमके. तारा फुटून उरलेला गाभा तिथे गरगर फिरतो आहे. एका तालुक्यात मावेल एवढा त्याचा घेर, आणि आत सूर्याहून जास्त ऐवज दाबून भरलेला. मग १९९९ साली सोडलेल्या एक्स-किरण दुर्बिणीने पाहिले, तेव्हा त्या गाभ्याभोवती तेजाची कडी आणि पिचकाऱ्या दिसल्या. त्या दुर्बिणीचे नाव 'चंद्रा' आहे, आपल्या सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांच्या नावावरून. ढग एकच. पण प्रत्येक उजेडाने त्याच्यातली निराळी गोष्ट दाखवली. नुसत्या डोळ्यावर भिस्त ठेवली असती तर धुरापलीकडे काही कळले नसते.

हे सगळे वाचून मला वाटले, एखादी तरी अशी दुर्बीण डोळ्याने पाहावी. त्यासाठी परदेशी जायला नको होते. पुणे जिल्ह्यात, नारायणगावाजवळ खोडद म्हणून गाव आहे, तिथे जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक उभी आहे. मी एस.टी.ने गेलो. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या गर्दीत गाडी दीड तास अडकली, तेही सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचा संबंध आहे.

दुर्बीण म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे नळी होती. तिथे नळी नव्हती. शेतांच्या पलीकडे आभाळाकडे तोंड करून मोठमोठ्या ताटल्या उभ्या होत्या. एकेकीचा व्यास पंचेचाळीस मीटर. अशा तीस. चौदा मधोमध, बाकीच्या सोळा तीन दिशांना पसरलेल्या, पार पंचवीस किलोमीटरच्या मुलखात. तिसांनी ऐकलेले सगळे तारांवाटे एका ठिकाणी आणून जुळवतात, म्हणजे ती पंचवीस किलोमीटरची एकच दुर्बीण असल्यासारखी बारीक नजर मिळते. डॉ. गोविंद स्वरूप यांनी ही कल्पना काढली. त्याआधी त्यांनी उटीला, डोंगराच्या उतारावर, अर्धा किलोमीटर लांबीची दुर्बीण उभारली होती, ती १९७० साली सुरू झाली. खोडदची दुर्बीण त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी १९९० नंतरच्या दहा वर्षांत उभी केली. ते २०२० साली वारले.

ताटली जवळून पाहिली आणि मला नवल वाटले. ती पत्र्याची नाही, जाळीची आहे! बारीक पोलादी तारेची, एक-दोन सेंटीमीटर भोकांची. पलीकडचे आभाळ दिसते. मला वाटले, यातून सगळे गळून जाईल. पण चाळणीचे गणित आठवा. भोकापेक्षा दाणा मोठा असला तर खाली पडत नाही. इथे येणारी लाट वीतभर ते दोन मीटर लांब. तिला ही जाळी म्हणजे भिंत. वारा मात्र पार निघून जातो, म्हणून ताटली हलकी करता आली आणि खर्च फार वाचला. परदेशात याच्याहून अवजड सांगाडे करीत. ही युक्ती आपल्या लोकांची आहे.

ही दुर्बीण काय ऐकते? विश्वात सगळ्यांत जास्त आहे तो हायड्रोजन वायू. थंड हायड्रोजन एकवीस सेंटीमीटर लांबीची लाट सोडतो, म्हणजे साधारण एक वीत. २०२३ च्या सुरुवातीला जाहीर झाले की खोडदच्या दुर्बिणीने अशी एक लाट टिपली, जी आठशे ऐंशी कोटी वर्षांपूर्वी एका दूरच्या दीर्घिकेतून निघाली होती. ती निघाली तेव्हा एकवीस सेंटीमीटरची होती, पोचली तेव्हा अठ्ठेचाळीस. अवकाश सारखे ताणले जात आहे, त्याच्याबरोबर लाटही ताणली गेली. रबरावर शाईने लाट काढून रबर ओढून पाहा. किती ताणली ते मोजले की किती जुनी ते कळते. ही लाट निघाली तेव्हा आपली पृथ्वीच नव्हती. पृथ्वीचे वय साडेचारशे कोटी वर्षे. निम्म्याच्या आसपास वाट चालून झाल्यावर आपली पृथ्वी जन्मली, मग डोंगर, मग माणसे, मग खोडद, आणि मग ती जाळी.

असे आवाज किती क्षीण असतात? समजा, चंद्रावर कोणी साधा मोबाईल चालू करून ठेवला. तर रेडिओ दुर्बिणीला तो आकाशातल्या अगदी ठळक वस्तूंपैकी एक दिसेल. आणि आपण तर असे मोबाईल खिशात घेऊन दुर्बिणीच्या दारात जातो. फाटकावर मला तो बंद करायला लावला. मोटारीची ठिणगी, विजेच्या तारेवरची ठिणगी, सगळ्याची खरखर ताऱ्यांच्या आवाजावर चढते. म्हणून डोंगरांनी वेढलेली, कारखाने कमी असलेली जागा निवडली.

पण या शांततेची किंमत कोणी तरी देतो. पुण्याहून नाशिकला थेट रेल्वे व्हावी अशी जुन्नर-संगमनेर भागाची जुनी मागणी आहे. आखलेला मार्ग दुर्बिणीच्या जवळून जात होता. त्याला हरकत आली, आणि २०२४-२५ साली मार्ग बदलण्याची गोष्ट पुढे आली. त्या भागात त्याबद्दल नाराजी आहे. परतीच्या एस.टी.त शेजारी बसलेले एक शेतकरी मला म्हणाले, "गुरुजी, आमचा भाजीपाला रस्त्यात सडतो आणि हे लोक आभाळ ऐकत बसलेत." दीड तास गर्दीत घालवलेल्या माणसाने त्यांना काय सांगावे? मला त्यांचे म्हणणे खोटे वाटले नाही. आणि दुर्बीणही खोटी वाटली नाही. रेल्वेला वळसा घालता येतो, तीस ताटल्या उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत, एवढा फरक मी त्यांना सांगितला. पण तो वळसा ज्यांच्या वाट्याला येतो, त्यांना कारण आणि हिशेब नीट, त्यांच्या भाषेत सांगितला पाहिजे, असे मला वाटते. त्या गृहस्थांना दुर्बिणीच्या इतक्या जवळ राहूनही ती जाळी काय करते हे ठाऊक नव्हते. मी त्यांना चाळणीचे उदाहरण दिले. त्यांना ते लगेच कळले. रेल्वे मात्र पाहिजेच, असे म्हणून ते संगमनेरला उतरले.

ज्यांना खोडद पाहायचे असेल त्यांनी २८ फेब्रुवारीच्या सुमारास जावे. त्या दिवशी राष्ट्रीय विज्ञान दिन असतो आणि दरवर्षी तिथे प्रदर्शन भरते. शाळांतली मुले पुष्कळ येतात. मोबाईल घरी ठेवावा.

परत आल्यावर वर्गात मी एक जुनी सीडी नेली. दिवा बंद करून मेणबत्ती लावली आणि सीडीत तिचे रंग दाखवले, एकात एक मिसळलेला सलग पट्टा. मग जुन्या पद्धतीचा, नागमोडी काचेचा दिवा लावला. त्याचे रंग तुटक, सुटे सुटे दिसले. "हे आतल्या पदार्थांचे अंगठे," मी म्हणालो. सगळ्यांनी आळीपाळीने पाहिले. मग मिठाच्या पाण्याची, रोहिणीच्या रंगाची, गुंटूरच्या ग्रहणाची गोष्ट सांगितली. दोन संध्याकाळी त्यात गेल्या.

बाईंनी सीडी बराच वेळ हातात धरली होती. पदराने पुसून परत देताना म्हणाल्या, "गुरुजी, त्या पोराला सांगितलं का हे?"

त्या मुलाची गोष्ट मी वर्गात बोलता बोलता सांगून गेलो होतो, ती त्यांनी लक्षात ठेवली होती.

मी म्हणालो, "नाही अजून."

तो आता चाळिशीच्या पुढचा झाला आहे, मालमोटार चालवतो. पत्ता मिळवला आहे. हा लेख छापून झाला की पहिली प्रत त्याला धाडायची आहे.